लाकडावरचा स्टोव्ह, धुराड्यासकट: ५ किलोवॉटच्या तयार संचाचं परीक्षण

खोली गरम ठेवण्यासाठी लाकूड जाळणारा, पुढे काचेचं दार असलेला ५ किलोवॉटचा पोलादी स्टोव्ह आता धुराड्याच्या नळ्यांसकट एकाच संचात मिळतो. 'सगळं आत आहे, घरच्या घरी बसवा' अशी त्याची जाहिरात असते. स्टोव्हपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे, धुराड्यापुरतं अजिबात नाही. घरात आग शिरायची किंवा विषारी वायू परत यायची वाट बहुधा धुराड्यातूनच असते. म्हणून या परीक्षणात स्टोव्हपेक्षा नळ्यांबद्दल जास्त लिहिलं आहे. स्टोव्हला पाचपैकी चार गुण देता येतील, नळ्यांच्या भागाला दोन.

आधी चांगलं सांगू. या वर्गातल्या स्टोव्हचा पत्रा जाड असतो, भट्टीला आतून व्हर्मिक्युलाइटच्या हलक्या विटांचं अस्तर असतं आणि हवेच्या दोन वेगळ्या झडपा असतात. एक खालून हवा देते, ती आग पेटवताना लागते. दुसरी काचेवरून हवा सोडते, तिच्यामुळे धुरातला जळायचा राहिलेला भाग जळतो आणि काच काळी पडत नाही. दाराची पकड तपासायची असेल तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती चारही बाजूंनी अडली पाहिजे. एखाद्या बाजूने सहज सरकत बाहेर आली, तर तिथे दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी नीट दाबली जात नाही. मग तिथून हवा आत शिरते आणि झडप बंद केली तरी आग आवरत नाही. बहुतेक वेळा बिजागरी किंवा कडी थोडी सरकवली की हे सुटतं.

एक गोष्ट मात्र पेटवण्याआधी बघाच. भट्टीच्या वरच्या भागात एक आडवी फळी नुसती टेकवून ठेवलेली असते. आगीचा झोत थेट नळ्यात जाऊ नये म्हणून ती असते. वाहतुकीत ती सरकते आणि कधी कधी धूर जायच्या तोंडावरच आडवी पडते. दार उघडून हात वर घालून ती आपल्या खाचेत बसली आहे का हे चाचपून बघा.

आकाराबद्दल थोडं. बेताचं उष्णतारोधन असलेल्या घरात १४ घनमीटर जागेला १ किलोवॉट असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे ५ किलोवॉटला साधारण ७० घनमीटर, पाच बाय साडेपाच मीटरची आणि अडीच मीटर उंचीची खोली. 'असू दे जरा मोठा' म्हणून छोट्या खोलीसाठी ८ किलोवॉटचा स्टोव्ह घेतला, की खोली लगेच तापते आणि माणूस झडपा बंद करून आग धुमसत ठेवतो. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर थंड नळ्यात डांबरासारखा चिकटत जातो. पुढे धुराड्याला आग लागते ती याच थराने, आणि ती हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. त्यामुळे या संचाचं ५ किलोवॉट हे माप आम्हाला योग्य वाटतं.

जागा ठरवताना स्टोव्हच्या मागे लावलेली माहितीची पट्टी हाच शेवटचा शब्द. मागे, बाजूला आणि समोर जळाऊ वस्तू किती दूर हवी ते तिच्यावर छापलेलं असतं. पट्टीच नसेल तर तो स्टोव्ह घेऊ नका. अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक प्रमाणपत्र नसलेल्या स्टोव्हसाठी चहूबाजूंनी ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१५ मिमी जागा सोडायला सांगतं. तेवढी जागा सोडल्यावर खोलीत बसायला काय उरतं ते मोजून बघा.

इथे लोक हमखास फसतात. प्लायच्या किंवा लाकडी चौकटीच्या भिंतीवर टाइल्स चिकटवल्या म्हणजे भिंत सुरक्षित झाली, असं नाही. टाइल जळत नाही, पण उष्णता मागे पोचवते आणि मागचं लाकूड तापत राहतं. वर्षानुवर्षं असं तापलेलं लाकूड आतून कोळशाकडे झुकतं आणि नव्या लाकडापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला पेटू शकतं. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत काही झालं नाही, हा पुरावा म्हणूनच धरता येत नाही. खरा आडोसा हवा असेल तर पत्रा किंवा सिमेंट बोर्ड भिंतीपासून २५ मिमी पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर बसवा. खाली आणि वर फट मोकळी सोडा, म्हणजे मागून हवा वाहत राहील. ही फट बंद केली की आडोशाचा उपयोग संपला.

संचात जमिनीसाठी कडक काचेचं तबक येतं. ते दिसायला छान आहे, पण बऱ्याचदा समोरच्या बाजूला तोकडं पडतं. दार उघडल्यावर निखारा पुढेच पडतो. देशोदेशीचे नियम समोर २२५ ते ४५० मिमी मागतात. आमचं म्हणणं, ४५० धरा, आणि बाजूंना २०० मिमी. तळाचं तापमान १०० अंशांवर जात नाही असं स्टोव्हच्या कागदावर लिहिलेलं असेल, तर १२ मिमी जाडीची न जळणारी फरशी पुरते. तसं लिहिलेलं नसेल तर लाकडी जमिनीवर हे तबक पुरेसं नाही, खाली बांधीव चौथरा लागेल. आणि जमीन लाकडी तुळयांवर असेल तर वजनाचा विचार करा. असा स्टोव्ह सहज शंभर किलोच्या आसपास भरतो.

आता धुराडं. संचातल्या नळ्या १५० मिमी व्यासाच्या, एकेरी भिंतीच्या, काळ्या रंगाच्या असतात. जोडीला एक बाक आणि छताजवळ लावायची एक गोल चकती. खोलीच्या आत, उघड्यावर, एकेरी नळा चालतो, मात्र जळाऊ वस्तूपासून व्यासाच्या तिप्पट अंतर हवं, म्हणजे ४५० मिमी. युरोपातला हा आकडा आणि अमेरिकेतले १८ इंच जवळजवळ सारखेच आहेत.

गोची त्या चकतीपाशी आहे. खोक्यावरच्या चित्रात एकेरी नळा सरळ छतात शिरतो आणि चकती भोक झाकते. बघणाऱ्याला वाटतं, ही छताला आगीपासून वाचवणारी तबकडी आहे. ती नुसती शोभेची आहे. छत लाकडी असेल, किंवा पीओपीच्या वर लाकडी पट्ट्या असतील, तर एकेरी नळा तिथून कधीच नेऊ नये. तिथे दुहेरी भिंतीचा, मध्ये २५ ते ५० मिमी रॉकवूल भरलेला नळा लागतो, आणि तो संचात नसतो. त्याला धरणारा आधार नसतो, छताच्या भोकाभोवती बसणारी आग-रोधक पट्टी नसते, छपरावरची पाणी अडवणारी पत्र्याची कॉलर नसते, वरची टोपीही नसते. 'सगळं आत आहे' म्हणणाऱ्यांनी हे सोडून द्यावं, यावर आमचा खरा आक्षेप आहे. कारण माणूस त्याच भरवशावर बसतो आणि चुकीचा नळा छतातून घालतो.

दुहेरी नळा आणल्यावरही तीन गोष्टी पाळाव्या लागतात. त्याच्यावर लिहिलेलं अंतर, बहुधा ५० मिमी किंवा जास्त, लाकडापासून सोडायचं आणि ती जागा रिकामीच ठेवायची. वारा येतो म्हणून तिथे ग्लासवूल कोंबली जाते, मग उष्णता बाहेर निघत नाही आणि लाकूड तापतं. दुसरं, दोन नळ्यांचा सांधा छताच्या जाडीत येता कामा नये, तो खाली किंवा वर दिसेल असा हवा. आणि नळ्यांचं वजन आधारावर टाका, स्टोव्हच्या डोक्यावर नाही.

नळे जोडताना नर टोक, म्हणजे दुसऱ्या नळ्याच्या आत शिरणारं टोक, खाली, स्टोव्हकडे. बरेच जण उलटं लावतात, कारण धूर वर जाताना सांध्यातून बाहेर येईल अशी त्यांना भीती वाटते. पण ओढ, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, चांगली असेल तर धुराड्यात दाब बाहेरपेक्षा कमी असतो, म्हणून सांध्यातून धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवा आत जाते. खाली ओघळतं ते डांबर आणि पाणी. नर टोक खाली असेल तर ते आतल्या आत स्टोव्हमध्ये उतरतं आणि जळून जातं. उलट लावलं तर सांध्यातून बाहेर झिरपतं, काळ्या नळ्यावर तपकिरी ओघळ दिसतात आणि खोलीला जळकट वास येतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, समान अंतरावर. स्टोव्हच्या तोंडाशी फायर सिमेंट किंवा दोरी वापरा, साधं सिलिकॉन तिथे टिकत नाही.

नळा शक्य तेवढा सरळ वर न्या. वळवायचाच असेल तर ४५ अंशांत. मागून निघणारं तोंड वापरलं तर आडवा भाग १५० मिमीच्या आत ठेवा आणि टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावा, तिच्या तळाशी झाडायचं दार हवं. संचातल्या काटकोनी बाकाला असं दार आहे का ते बघा, काहींना नसतं. एकूण उंची साडेचार मीटरपेक्षा कमी असली तर ओढ कमी पडते. छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून टोक ०.९ मीटर वर, आणि तीन मीटरच्या आत असलेल्या कोणत्याही भागापेक्षा ०.६ मीटर उंच हवं. टोपीला पक्ष्यांसाठी जाळी असेल तर ती मोठ्या भोकांची घ्या, बारीक जाळी एका हंगामात काजळीने बुजते.

जुनं बांधीव धुराडं असेल तर आधी झाडून घ्या आणि वरपासून खालपर्यंत स्टेनलेसचं अस्तर घाला. फक्त लाकूड जाळणार असाल तर ३१६ दर्जाचं चालतं, दगडी कोळसाही जाळणार असाल तर ९०४ दर्जाचं. कोळशातलं गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतं आणि हलकं पोलाद खातं. शिवाय कोळशाला खालून हवा देणारी जाळी लागते, ती या संचात नाही. लाकूड राखेच्या दोन-तीन सेंटिमीटर गादीवरच छान जळतं.

हवेचा भाग माहितीपुस्तिकेत दोन ओळींत उरकलेला असतो, तो एवढा लहान नाही. घर घट्ट बंद असेल तर बाहेरून हवा यायला कायमची वाट हवी. ब्रिटनच्या नियमात अशा घरांसाठी किलोवॉटमागे ५५० चौरस मिमी असा हिशोब आहे. पाच किलोवॉटला २७५० चौरस मिमी, म्हणजे साधारण ६० मिमी व्यासाचं मोकळं भोक. त्यावर डासांची जाळी लावली तर भोक असून नसल्यासारखं. मागे बाहेरच्या हवेसाठी तोंड असलेला स्टोव्ह मिळाला तर तोच घ्या.

मग चाचणी. सगळी दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगात सुरू करा, स्टोव्ह पेटवून नळा गरम होऊ द्या. पाच मिनिटांनी स्टोव्हचं दार जेमतेम उघडून त्याच्या वरच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो खोलीकडे वळला किंवा नुसता रेंगाळला, तर पंखे धुराड्यावर मात करत आहेत. घरातली आतली दारं उघडून आणि बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण पंखा शेजारच्या खोलीत असला तरी ओढतो. ती नीट पार पडेपर्यंत स्टोव्ह वापरात आणू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा संचात नसतो, तो विकत घ्यावाच लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात आणि झोपेत तर कळतही नाहीत. भोंगा स्टोव्हपासून एक ते तीन मीटर अंतरावर, छताला, भिंतीपासून ३०० मिमी दूर लावा. धुराचा भोंगा घरात आहे म्हणून हा टाळू नका, तो या वायूला ओळखत नाही.

संचातलं चुंबकी तापमापक आम्हाला आवडलं. एकेरी नळ्यावर, स्टोव्हच्या वर फूट-दीड फूट अंतरावर चिकटवा. काटा साधारण ११५ ते २४५ अंशांत राहिला की आग नीट चालली आहे. खाली राहिला तर डांबर साचतंय, सतत वर गेला तर स्टोव्ह आणि नळा दोन्ही ताणले जात आहेत. दुहेरी नळ्यावर ते लावून काही कळत नाही, बाहेरची भिंत थंडच असते.

पहिले तीन जाळ छोटे करा आणि खिडक्या उघड्या ठेवा. रंग भाजला जात असताना उग्र वास येतो आणि तेवढ्या वेळात तो मऊ असतो, हात लावला तर ठसा उमटतो. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मोजायचा तर ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूवर मापकाच्या सुया टोचा, बाहेरची साल नेहमी कोरडीच दाखवते. रंगवलेलं किंवा रसायन मारलेलं लाकूड भट्टीत घालू नका. राख झाकण असलेल्या धातूच्या बादलीत काढा आणि बादली घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवा. राखेखालचा निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. धुराडं वर्षातून एकदा तरी झाडायचंच. त्याच वेळी दाराच्या दोरीची कागदाची परीक्षाही पुन्हा घ्या. दोरी दबून कडक होते आणि बदलावी लागते, सुटी दोरी मात्र या संचात येत नाही, तेव्हा तिची जाडी आत्ताच मोजून लिहून ठेवा.