जीएसटी रिटर्न: एक्सेल की टॅली?

महिन्याला वीस-पंचवीस बिलं असतील तर एक्सेल पुरतं. जीएसटी पोर्टलच्या मोफत ऑफलाइन टूलमध्ये आकडे टाकायचे, त्यातून तयार होणारी जेसॉन फाइल पोर्टलवर चढवायची आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरून मोकळं व्हायचं.

पण आमच्या शीटमध्ये एकदा फक्त जीएसटी नंबरचा कॉलम सॉर्ट झाला, बाकीचे जागेवरच राहिले. एकाची बिलं दुसऱ्याच्या नंबरावर गेली. गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये (खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या तक्त्यात) क्रेडिट दिसेना, आणि त्याने पेमेंट अडवलं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचा नंबर तिच्या लेजरला (खात्याला) एकदाच टाकला की प्रत्येक बिलाला आपोआप लागतो. पैसे मोजावे लागतात, शिकावंही लागतं. तरी गिऱ्हाईक व्यापारी असेल, तर माझ्या मते टॅलीच घ्यावी. किरकोळ दुकानाला मात्र घाई नाही.