नर्सरीतला जरबेरा: कुंडीसाठी घ्यावा का, आणि घेताना काय बघावं

दिवाळी उलटली की पुण्यात सोलापूर रस्त्याच्या नर्सऱ्यांमध्ये जरबेरा पुढच्या रांगेत येतो. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, एकेका रोपावर तीन-तीन फुलं. गिऱ्हाईक घासाघीस न करता उचलतं. झाड बहुवर्षायू आहे, जमलं तर दोन-तीन वर्षं सहज फुलतं. प्रत्यक्षात बहुतेक घरांत पहिला पावसाळाही काढत नाही. यात रोपाचा दोष थोडा. विकताना ते ज्या अवस्थेत असतं आणि घरी आणल्यावर ज्या मातीत जातं, त्याचा जास्त.

पहिली गोष्ट म्हणजे या नावाखाली दोन वेगळी रोपं विकली जातात. एक खास कुंडीसाठीचं ठेंगणं वाण: दांडा वीतभर, पानं आखूड, आठ इंची कुंडी पुरते. दुसरं पॉलिहाऊसमधल्या (प्लास्टिकच्या हरितगृहातल्या) कटफ्लॉवरचं, म्हणजे तोडून विकायच्या फुलांचं वाण, ज्याची फुलं लग्नाच्या स्टेजवर दिसतात. त्याचा दांडा दीड-दोन फूट जातो, पानं पसरतात, मुळं खोल उतरतात; त्याला बारा इंचांची, तेवढीच खोल कुंडी लागते. गॅलरीच्या कठड्यावर हे दुसरं आणलंत तर वाऱ्याने दांडे वाकतील. विचारल्याशिवाय फरक कोणी सांगत नाही. शिवाय पॉलिहाऊसमधून काढून टाकलेली जुनी झुडपंही पिशवीत भरून येतात. बुडाशी काळपट, जाड गड्डा आणि तुटलेल्या देठांचे खुंट दिसले तर ती ओळखावीत. स्वस्त असतात, पण जोम संपलेला असतो.

फुलं बघून रोप निवडू नये, बूड बघावं. पानं जिथून फुटतात तो भाग, म्हणजे क्राऊन, मातीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडलेला असेल तर रोप कितीही टवटवीत दिसो, ठेवून द्यावं. पान हलकेच बाजूला ओढावं. बुडातून ओलसर, तपकिरी होऊन सुटलं तर कूज आधीच लागली आहे. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी माशी आणि लाल कोळी तपासावा, पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा असतील तर नागअळी आहे. उमललेल्या तीन फुलांपेक्षा आतून वर येणाऱ्या दोन कळ्या कधीही बऱ्या.

आता मातीचं. पिशवीत बहुधा नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो आणि घरी आपण ते जसंच्या तसं काळ्या मातीत ठेवतो. भोवतालची चिकण माती पाणी धरते, मधला कोकोपीटचा गोळा कधी चिंब तर कधी कोरडा ठणठणीत राहतो आणि मुळं बाहेर पडतच नाहीत. त्यात दख्खनची काळी माती चुनखडीची. जरबेराला मातीचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा लागतो. त्याच्यावर गेला की लोह मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरच्या जड पाण्याने हे आणखी वाढतं. अशा वेळी लोक युरिया टाकतात, त्याने काही साधत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) घेताना पाकिटावर ईडीडीएचए हा प्रकार लिहिलेला घ्यावा. ईडीटीए स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ते फवारणीलाच ठीक, लिटरला अर्धा ग्रॅम.

मिश्रण असं करावं: चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग परलाइट (पाणी निचरणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड धुतलेली वाळू. लाल माती मिळत असेल तर ती, शेणखत आणि भाताचं तूस हा पॉलिहाऊसवाल्यांचा जुना मेळही उत्तम. कोकोपीट दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यायचंच, नाहीतर त्यातल्या क्षाराने पानांच्या कडा जळतात. नर्सरीत मिळणारं तयार पॉटिंग मिक्स या झाडाला बहुधा जड पडतं. घेतलंच तर त्यात तिसरा हिस्सा परलाइट मिसळावं. लावताना क्राऊन मातीच्या एक-दोन सेंटीमीटर वर ठेवावा. पाणी दिल्यावर माती बसते आणि रोप खाली जातं, म्हणून आठवड्याने पुन्हा बघावं.

पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने. वरून झारीने घातलेलं पाणी क्राऊनमध्ये साचतं आणि तिथूनच कूज सुरू होते. माती ओली असूनही झाड मलूल पडलं तर आणखी पाणी घालू नये, ती कुजीचीच खूण. तोवर औषधाच्या आळवणीचा, म्हणजे मुळाशी औषध ओतण्याचा उपयोग राहिलेला नसतो. रोप मातीसकट टाकावं आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

नवीन रोपाच्या कळ्या पहिले दीड-दोन महिने खुडाव्यात. जिवावर येतं, पण त्याशिवाय झाड भरत नाही. पानं वाढत असताना आठवड्याला १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) लिटरला एक ग्रॅम, कळ्या धरल्यावर १३:०:४५ तेवढंच. कॅल्शियम नायट्रेट पंधरवड्याने द्यावं, मात्र १९:१९:१९ च्या पाण्यात मिसळू नये, साका बसतो. फूल कात्रीने कापायचं नाही. दांडा बुडाशी धरून, बाजूला कलवून ओढला की स्वच्छ सुटतो; कापलेला खुंट मागे राहून सडतो.

थंडीत पूर्ण ऊन, मार्चपासून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. पावसाळ्यात छपराखाली, दोन कुंड्यांत हात जाईल एवढं अंतर ठेवून.

गुण द्यायचे तर ठेंगण्या वाणाला पाचपैकी चार, कटफ्लॉवरच्या वाणाला गच्ची असेल तरच तीन. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे निर्धास्त घ्यावा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उकाड्यात तो तग धरणं कठीण. तिथे नोव्हेंबरात आणून एप्रिलपर्यंतचं हंगामी फूल म्हणूनच घ्यावा, किंवा मग सरळ शेवंती लावावी.