अंगणवाडीचे दहा महिने आणि डोक्यावरचे पत्रे

मागच्या मंगळवारी साडेदहाला अंगणवाडीतून फोन आला. एका लेकराला चक्कर आली होती. माझी पोरगी नव्हती, तरी मी हातातलं काम टाकून पळाले. खोली दहा बाय बारा, वर पत्रे, एकच पंखा, पटावर ४३ नावं. बाईंनी सगळ्यांना बाहेर लिंबाखाली बसवलं होतं आणि मदतनीस मावशी ओल्या फडक्यानं एकेकाचं तोंड पुसत होत्या. म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीच्या कडेला प्लॉटिंगमध्ये राहतो. पोरीला आधी खासगी नर्सरीत घातलं होतं. वर्षाचे १८,००० आणि व्हॅनचे महिन्याला ७०० वेगळे. तीन वर्षांच्या लेकराला रोज पानभर एबीसीडी लिहायला लावायचे, घरी आली की बोटं चोळत बसायची. जूनमध्ये तिथून काढलं आणि अंगणवाडीत टाकलं. कारण पैसाच होता.

पहिले दोन महिने मी नाराज होते. वही नाही, गृहपाठ नाही, नुसता खेळ. एकदा बाईंना म्हणाले, "हिला थोडं लिहायला शिकवा की." त्या म्हणाल्या, "ताई, आधी बोटं तयार होऊ द्या." पटलं नव्हतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी पोरगी चिंचोके घेऊन बसली. पाच-पाचचे ढीग घातले आणि धाकट्याला म्हणाली, "तुझ्यात एक कमी हाय." त्याच्या ढिगात खरंच चार होते. अंगणवाडीचा अभ्यासक्रमच तसा आहे, त्यात गाणी, गोष्टी, खेळ यांतूनच शिकवतात, हे मला नंतर कळलं. वहीचा हट्ट मी तेव्हाच सोडला.

खाण्याबद्दल तक्रार नाही. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचा नियम आहे. घरी मटकीकडे न बघणारी पोरगी तिथं पंगतीत उसळ मागून घेते. जूनमध्ये वजन १२.४ किलो होतं, आता १३.९ आहे.

पण ते पत्रे! एप्रिलमध्ये अकरा वाजता त्या खोलीत आपण पाच मिनिटं उभं राहू शकत नाही. आम्ही बारा घरांनी दीडदीडशे काढून वर हिरवी नेट बांधली, पहिल्याच वावटळीत फाटली. मग पत्र्यावर कडबा टाकला, दोन दिवसांत शेळ्यांनी खाली ओढला. रोज कुणीतरी पाणी मारतं, ते अर्ध्या तासात वाळतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा गरिबाची लेकरं शाळेपर्यंत येईनात म्हणून त्या स्वतः लेकरांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. आमच्या बाईही आता अंगणातच वर्ग घेतात, पण उन्हामुळं.

आणि पत्रे बदलले तरी ४३ लेकरं दहा बाय बाराच्या खोलीत मावणार नाहीत. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी असा निकष आहे. ही मंजूर झाली तेव्हा इथं ज्वारीची रानं होती. आता जालना, बीड, परभणीहून कंपनीत कामाला आलेल्यांची तीनशेवर घरं आहेत. बाई एक, मावशी एक. नवीन आई लेकरू घेऊन आली की बाई नाही म्हणत नाहीत, नाव घेतात आणि सगळ्यांना अजून थोडं सरकून बसायला सांगतात. दोष बाईंचा नाही.

वस्तीत सहा वर्षांखालची ४० लेकरं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. सध्याची अंगणवाडी जुन्या गावाच्या नावावर आहे, प्लॉटिंगच्या नावावर एकही नाही. आम्ही तिघी जणींनी संक्रांतीच्या वाणाला फिरताना दारोदार विचारून यादी केली. फक्त प्लॉटिंगमधली ६४ लेकरं निघाली. नव्या अंगणवाडीसाठी सरकारी कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. तीन महिने भरले. परवा विचारायला गेलो तर "पद मंजूर झालं की बघू" म्हणाले.

सोमवारी पुन्हा जाणार आहोत, यावेळी ६४ लेकरांच्या आयांना घेऊन. धाकटा ऑगस्टमध्ये तीन वर्षांचा होतोय. त्याचं नाव बाईंकडं आत्ताच सांगून ठेवलंय.