रुंद चाकांसाठी जिप्सीचे फेंडर कापले, त्यानंतरचे अकरा महिने

गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या मारुती जिप्सी किंगला २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे टायर आणि सात इंच रुंदीच्या, शून्य ऑफसेटच्या (म्हणजे चाक जास्त बाहेर काढणाऱ्या) रिमा बसवल्या. त्यासाठी चारही चाकांवरचे पत्रे, म्हणजे फेंडर, कापून वर फायबरचे फ्लेअर (बाहेर आलेले टायर झाकणाऱ्या पट्ट्या) लावून घेतले. तेव्हापासून मीटरवर ९,४०० किलोमीटर पडले आहेत. त्यांत आठवड्यातून तीनदा बेळगाव ते जांबोटी, चोर्ला घाटातून गोव्याच्या चार फेऱ्या, चिकोडीकडची काळी माती आणि कणकुंबी भागातला एक पूर्ण पावसाळा आला. पुढच्या फेंडरचे काम उत्तम टिकले, मागचे मात्र मला दुसऱ्यांदा करून घ्यावे लागले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी मागच्या बाजूचाच अनुभव अधिक सविस्तर लिहितो.

आधी मापे. मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर होता, नव्याचा सुमारे ७३४ आहे. म्हणजे गाडी ३३ मिलिमीटरने उचलली गेली आणि टायरची बाहेरची कड माझ्या मोजणीप्रमाणे मूळ जागेपेक्षा ३५ मिलिमीटर बाहेर आली. गाडी सपाट जागेवर उभी असताना हे सगळे व्यवस्थित बसल्यासारखे दिसते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे कमानीत वर घुसते. आम्ही टायरच्या खांद्याला ओला चुना फासला, एक पुढचे चाक जांभ्या चिऱ्यांच्या दोन थरांवर चढवले आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवले. चुना पत्र्यावर जिथे उमटला तिथे खूण केली आणि मग चारही चाकांना हेच केले. उमटलेल्या खुणेच्या पुढे आणखी दोन बोटे जागा सोडावी, असे मी आता सांगेन, कारण चिकोडीकडची काळी माती टायरला आणि कमानीला इतकी चिकटते की कोरड्यात मोकळे फिरणारे चाक ओल्या मातीत घासू लागते.

पुढचा फेंडर बोल्टवर बसलेला असल्याने तो काढून खाली ठेवून कापता आला. कड ग्राइंडरने गुळगुळीत केली, उघड्या पत्र्यावर झिंक प्रायमर मारला, दोन हात रंग दिला आणि मगच फ्लेअर बसवला. पावसाळा संपल्यावर मी तो काढून पाहिला, तेव्हा गंजाचा ठिपकाही नव्हता.

मागे तसे नाही. तिथे बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या वरचा आतला पत्रा कमानीच्या कडेला एकमेकांवर येऊन ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले असतात. कड नुसती आत वळवायची असेल तर हीट गनने रंग तापवून, हळूहळू दाबत, वेल्डिंग न उघडता ते साधते, पण माझ्या मापाला तेवढ्याने भागणार नव्हते आणि कापणे वेल्डिंगच्या वर गेले. असे कापले की दोन पत्रे सुटे होतात आणि मध्ये फट पडते. ती पुन्हा वेल्ड करून वर सीम सीलर (सांध्यातून पाणी शिरू न देणारा लेप) भरायला हवा. शहरातल्या ज्या गॅरेजमध्ये मी हे काम दिले होते, तिथे फटीत लांबी (पुट्टी) भरली, वर काळा रंग मारला आणि फ्लेअर आल्यावर ते स्क्रूने आवळून टाकले. मला ते दिसलेच नाही, कारण आधी रंगाखाली आणि मग फ्लेअरखाली सगळे झाकले गेले होते.

ऑगस्टमध्ये डाव्या मागच्या कमानीवर रंगाला फोड आला. खानापुरात टिंकरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. ते म्हणाले, "फ्लेअर काढल्याशिवाय मी काय सांगू शकत नाही सर, आत चिखल किती बसलाय ते बघू आधी." फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये लाल चिखलाचा बोटभर जाड थर निघाला. फ्लेअरच्या कडेच्या रबरी बीडिंगने (पट्टीने) पाणी बाहेर अडवण्याऐवजी आतले पाणी आतच धरून ठेवले होते. लांबी भिजून सुटली होती आणि दोन्ही पत्र्यांच्या मधली कड हाताने चुरगळत होती. त्यांनी कुजलेला भाग काढून नवी पट्टी वेल्ड केली, सीलर भरला, आतून अंडरकोटिंग केले आणि फ्लेअरच्या तळाशी पाणी निघून जायला जागा ठेवली. या दुरुस्तीला मला आठ हजार रुपये पडले. मूळ कापकाम साडेसहा हजारांत झाले होते.

फ्लेअर लावूच नयेत, असा याचा अर्थ मुळीच घेऊ नये. ते यायला उशीर झाल्यामुळे पहिले तीन आठवडे मी टायर उघडे ठेवून गाडी चालवली. तेवढ्यात दोन्ही दारांच्या खालच्या भागाचा रंग खडीने सोलवटला आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यांवर खडे उडत असल्याचे पाहून मला खरोखर अपराधी वाटले.

चालवण्यातला फरक असा की घाटातल्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा स्थिर वाटते, मात्र पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे गर्दीच्या खडेबाजारात गाडी लावताना खांदे भरून येतात. चाक बाहेर गेल्याने खड्ड्यांचे हिसकेही हातापर्यंत येतात. पाच माणसे आणि भाताची पोती घेऊन येताना मागचे टायर फ्लेअरला घासले, म्हणून बंपस्टॉप (चाक फार वर येऊ न देणारे रबरी ठोकळे) २० मिलिमीटरने वाढवून घेतले. जांबोटीच्या लाल चिखलाखाली कठीण जांभा असतो, तिथे जुने अरुंद टायर खाली रुतून पकड घेत. नवे त्यावरून घसरतात. काळ्या मातीत मात्र रुंदीचा उपयोग होतो.

मीटर ६० दाखवतो तेव्हा वेग ६६ असतो. ॲव्हरेज अकरावरून नऊवर आल्यासारखे दिसले, पण मीटर अंतरही सुमारे नऊ टक्के कमी मोजतो, त्यामुळे खरा आकडा दहाच्या जवळपास आहे.

आणखी एक गोष्ट मी काम करण्याआधी नीट वाचायला हवी होती. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतील तपशील जुळणार नाहीत असे बदल करता येत नाहीत आणि कलम १८२ अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितले आहे. विमा कंपनीला मी बदल लेखी कळवला, तोही काम झाल्यावर. तो आधी कळवायला हवा होता.

माझ्या मित्राच्या जिप्सीवर २१५/७५ आर १५ आहेत, त्याला एकही पत्रा कापावा लागलेला नाही आणि जांबोटीच्या रस्त्यावर तो माझ्या मागे राहत नाही. माझे हे टायर झिजले की मीही त्याच मापावर येणार आहे. तोपर्यंत मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, चारही फ्लेअर उतरवून डावी मागची कड पुन्हा तपासायची आहे.