स्लॅकमधलं ‘डोनट’ : सहकाऱ्याशी ओळख करून देणाऱ्या ॲपचं परीक्षण

शेजारच्या टेबलावरचा माणूस काय काम करतो, हे साधारण ठाऊक असतं. तीन रांगा पलीकडे बसणाऱ्याचं फक्त नाव माहीत असतं. दुसऱ्या मजल्यावरचे किंवा घरून काम करणारे सहकारी म्हणजे तर मीटिंगच्या पडद्यावरचा एक चौकोन. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन विभागांतल्या इंजिनिअरांचा अभ्यास करून १९७७ मध्येच मांडलं होतं, की टेबलांमधलं अंतर वाढलं की कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने आटतं. साधारण ५० मीटरच्या पुढे ते नावापुरतंच उरतं. ‘डोनट’ हे स्लॅकमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या मेसेजच्या ॲपमध्ये, बसवायचं ॲप याच दुखण्यावर आहे. एका चॅनेलमधल्या (स्लॅकवरच्या गटातल्या) लोकांच्या ठरावीक दिवसांनी जोड्या लावायच्या आणि दोघांना एकत्र मेसेज पाठवून ‘भेटा, बोला’ म्हणायचं, एवढंच त्याचं मुख्य काम.

हे काम ते नेटकं करतं. पण कोणाशी आणि केव्हा बोलायचं, एवढंच ते ठरवून देतं. त्या अर्ध्या तासात समोरच्याचं काम, तो इथवर कसा आला आणि कामाबाहेर कशात रमतो हे कळेल की नुसतीच हवापाण्याची चर्चा होईल, हे ॲपच्या हातात नाही. म्हणून इथे सेटिंगइतकंच त्या अर्ध्या तासाबद्दलही लिहिलं आहे.

आधी बसवण्याबद्दल. ॲप जोडायला फार वेळ लागत नाही, पण कुठल्या चॅनेलला जोडता यावर पुढचं सगळं ठरतं. जिथे सगळे कर्मचारी आपोआप असतात ते जनरल चॅनेल यासाठी वापरू नका. ज्यांना यात रस नाही तेही चिठ्ठीत येतात, उत्तर देत नाहीत, आणि त्यांच्या वाट्याला आलेला उत्साही माणूस दोनदा वाट पाहून तिसऱ्यांदा नाद सोडतो. नवं चॅनेल काढा, ते कशासाठी आहे ते दोन ओळींत लिहा आणि येणाऱ्याला आपणहून येऊ द्या. ४० जणांच्या ऑफिसात १६ जण मनापासून आले तर ते ४० सक्तीच्या नावांपेक्षा चांगलं चालतं. कोणी लांब रजेवर जात असेल तर त्याने सरळ चॅनेल सोडावं आणि परतल्यावर पुन्हा यावं.

मग फेरी किती दिवसांनी घ्यायची? दर आठवड्याला, दोन आठवड्यांनी, महिन्याने असे पर्याय मिळतात. इथे थोडा हिशेब करायला हवा. १२ माणसांच्या ६६ वेगवेगळ्या जोड्या होतात, एका फेरीत ६ लागतात, म्हणजे एकही जोडी परत आली नाही तर ११ फेऱ्यांत प्रत्येकजण प्रत्येकाला भेटतो. दोन आठवड्यांची फेरी धरली तर २२ आठवडे. २० माणसांना १९ फेऱ्या, म्हणजे ३८ आठवडे. ६० माणसं असली तर ५९ फेऱ्या, म्हणजे सव्वादोन वर्षं, आणि तेवढ्यात निम्मं चॅनेल बदललेलं असतं. मोठ्या ऑफिसात म्हणूनच ‘सगळे सगळ्यांना भेटतील’ हा हेतू ठेवण्यात अर्थ नाही. वेगळ्या विभागातली वर्षाला २०-२५ माणसं नीट ओळखीची झाली तरी खूप झालं. दर आठवड्याची फेरी कागदावर छान दिसते, पण महिनाभरात लोक थकतात. दोन आठवडे हाच आमच्या मते योग्य अंतराल. एक आठवडा वेळ जुळवण्यात जातो, दुसऱ्यात भेट होते.

गट दोघांचाच ठेवा. चौघांचा गट केला की दोघं बोलतात, दोघं ऐकतात, आणि सगळ्यांना सोयीची वेळ सापडतच नाही. संख्या विषम असली की एक गट तिघांचा होतो, त्याला इलाज नाही. त्या गटाने अर्ध्या तासाऐवजी ४५ मिनिटं घ्यावीत.

फेरी सोमवारी सकाळी सुरू करावी. शुक्रवारी दुपारी आलेला मेसेज सोमवारपर्यंत खाली गेलेला असतो. सोबत जाणारा मजकूर बदलता येतो आणि तो बदलाच. तयार इंग्रजी वाक्यांपेक्षा आपल्या भाषेतल्या दोन ओळी लोक वाचतात. त्यात एक नियम घाला: वर्णानुक्रमे ज्याचं नाव आधी येतं त्याने वेळ सुचवायची. बहुतेक भेटी वैरामुळे नाही, तर ‘समोरचा विचारेल’ या भिडेमुळे राहतात. वेळ सुचवतानाही ‘कधी जमेल?’ असं मोघम विचारू नये. ‘मंगळवारी ११ किंवा गुरुवारी ४, ३० मिनिटं, कॅमेरा बंद चालेल’ असं लिहिलं की समोरच्याला फक्त एक निवडायचं उरतं. ठरलं की लगेच कॅलेंडरवर टाका, नाहीतर त्या जागी दुसरी मीटिंग येऊन बसते.

भेटीआधी दोन मिनिटं समोरच्याचं स्लॅक प्रोफाइल उघडून पाहावं. पद, टाइम झोन आणि नावाचा उच्चार लिहायची सोय तिथे आहे, ॲडमिनने आणखी रकाने जोडले असतील तर तेही दिसतात. जे तिथे लिहिलेलं आहे ते पुन्हा विचारण्यात वेळ घालवू नये. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणाने ठरवून टाकावी: अहो-जाहो करायचं की अरे-तुरे. आपल्या भाषेत हे ठरलं नाही तर माणसं अर्धा तास क्रियापदं टाळत बोलतात, आणि तो अवघडलेपणा शेवटपर्यंत जात नाही.

आता मुख्य भाग. ‘तुमचं काम काय?’ हा प्रश्न विचारला की पदाचं नाव परत मिळतं. हिशेब विभागातल्या सहकाऱ्याने ‘व्हेंडर पेमेंट बघते’ म्हटलं की पुढे काय विचारायचं ते सुचत नाही. त्याऐवजी ‘महिन्यातला सगळ्यात कटकटीचा दिवस कुठला?’ असं विचारून पाहा.

‘शेवटचा. बिलांचा ढीग येतो आणि अर्ध्या बिलांवर पीओ नंबरच (खरेदी-ऑर्डरचा क्रमांक) नसतो.’

‘मग काय करता?’

‘माल कोणी मागवला ते शोधत फिरते. सापडला नाही तर बिल पुढच्या महिन्यात.’

‘म्हणजे आमच्या टीमचं बिल अडकतं ते त्यामुळेच?’

‘तुमच्या टीमचं तर हमखास.’

चार वाक्यांत तिचं काम कळलं, आपल्या टीमचं कुठे चुकतं तेही कळलं, आणि पुढच्या वेळी बिल पाठवताना पीओ नंबर आठवणीने लिहिला जाईल. ‘काल दुपारी तीन वाजता हातात काय होतं?’, ‘तुमच्याकडे काम येतं तेव्हा त्यात नेहमी काय कमी असतं?’, ‘आमच्या विभागाने कुठली गोष्ट करणं थांबवावं?’ हेही त्याच जातीचे प्रश्न. त्यांना ठरावीक दिवस, वस्तू किंवा अडचण लागते, त्यामुळे उत्तर गुळगुळीत येऊच शकत नाही. अर्ध्या तासातली निम्मी मिनिटं कामावर गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. बहुतेकांना स्वतःच्या कामाबद्दल नीट विचारणारं कोणी भेटत नाही.

पार्श्वभूमीबद्दल विचारताना जपून. ‘आधी कुठे होतात?’ म्हटलं की बायोडेटा ऐकायला मिळतो. ‘आधीच्या कामातली कुठली सवय इथे उपयोगी पडते?’ या प्रश्नाला माणूस थांबून विचार करतो. ग्राहक सेवेत काम करणारी व्यक्ती आधी परिचारिका होती असं धरू. दिवस संपताना प्रत्येक अर्धवट राहिलेल्या तक्रारीवर ती तीन ओळींची टीप का लिहून ठेवते, ते मग उलगडतं. वॉर्डात पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची स्थिती सांगून जायची सवय अंगात भिनलेली असते. वय, लग्न, मुलं, धर्म, जात, पगार यांपैकी काहीही आपण काढू नये. नोकऱ्यांमध्ये मोकळी गेलेली वर्षं दिसली तरी कारण विचारू नये, त्यामागे आजारपण असू शकतं किंवा नोकरी गेलेली असू शकते. त्याने स्वतः सांगितलं तर मन लावून ऐकावं.

छंदाच्या प्रश्नात सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘छंद काय?’ याला ‘वाचन, संगीत, फिरणं’ हे ठरलेलं उत्तर आहे आणि त्यावर संभाषण विझतं. ‘कामाबाहेर सध्या वेळ कशात जातो?’ असं विचारा. ‘सध्या’ या शब्दामुळे फरक पडतो, कारण शाळेपासूनची यादी न येता या महिन्यातली खरी गोष्ट येते. आणि मग विषय बदलू नका. पक्षी पाहणारा सहकारी भेटला तर ‘अरे वा’ म्हणून आपल्या सहलीकडे वळण्याऐवजी विचारा, की दुर्बीण कुठली वापरतो. तो म्हणेल, ८ बाय ४२. म्हणजे काय? ८ पट मोठं दिसतं, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलीमीटर. मग १० पटीची का नाही? कारण हात जरा हलला की चित्रही तेवढंच जास्त हलतं, आणि दृष्टिक्षेत्र लहान होत असल्याने उडता पक्षी सापडत नाही. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याचा आवाज बदललेला असतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यात मोठा वाटा असतो तो त्याच्याच उत्तरावरून निघालेल्या पुढच्या प्रश्नांचा. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते, १२-१२ चे तीन संच, एकूण ४५ मिनिटं, आणि प्रत्येक संच आधीच्यापेक्षा जास्त खासगी. ते प्रश्न ऑफिसात जसेच्या तसे आणू नयेत, तिसरा संच तर मुळीच नाही. उचलायचं ते त्यातलं सूत्र: खोली पायरीपायरीने वाढवायची आणि दोघांनीही उत्तरं द्यायची. एकजण विचारतोय आणि दुसरा फक्त सांगतोय असं झालं की ती मुलाखत होते. आपण विचारलेल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नाचं उत्तर न मागता आपणही द्यावं, पण आपली पाळी दोन मिनिटांत आटपावी.

डोनटमध्ये गप्पांचा एक वेगळा भागही आहे. त्यात चॅनेलवर ठरावीक दिवशी एखादा हलका प्रश्न येतो आणि लोक खाली उत्तरं लिहितात. समोरासमोर बोलायला संकोचणाऱ्यांना तो सोयीचा आहे. मात्र एका ओळीच्या उत्तरांनी ओळख होत नाही. ती उत्तरं वाचून ठेवावीत आणि त्या व्यक्तीशी जोडी लागेल तेव्हा तिथूनच सुरुवात करावी.

ॲपचा खरा कमकुवतपणा मोजमापात आहे. भेट झाली का, असं ते मध्येच विचारतं आणि आकडा ठेवतं. पाच मिनिटांचं ‘हाय-हॅलो’ आणि तासभराच्या मनमोकळ्या गप्पा त्यात सारख्याच धरल्या जातात. हा आकडा वरिष्ठांच्या अहवालात गेला की लोक न भेटताच ‘हो’ दाबतात, म्हणून तो चॅनेल सांभाळणाऱ्यापुरताच ठेवावा. बॉस आणि त्याच्या हाताखालचा माणूस एका जोडीत आले तर गप्पांचा कामाचा आढावा व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी सांभाळणाऱ्याने दुसऱ्या एका जोडीशी अदलाबदल करून द्यावी. असा सांभाळणारा माणूस नेमलेला नसेल तर ॲप बसवूच नका. दर फेरीला त्याची वीस मिनिटं जातात, पण त्याच्याशिवाय चॅनेल तिसऱ्या-चौथ्या फेरीत शांत होतं.

१२ पेक्षा कमी माणसं असतील तर ॲपची गरजच नाही. नावं दोन ओळींत समोरासमोर लिहा, एक नाव जागेवर ठेवा आणि बाकीची दर फेरीला दोन्ही ओळींतून गोल फिरवत एकेक घर पुढे सरकवा. समोरासमोर येतील त्या जोड्या. ८ माणसं ७ फेऱ्यांत पूर्ण होतात आणि एकही जोडी परत येत नाही. विषम संख्येला एक जागा ‘सुट्टी’ लिहून भरा. स्लॅकऐवजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स वापरणाऱ्यांसाठी त्याच कंपनीने ‘आइसब्रेकर’ नावाचं असंच ॲप मुक्त स्रोत म्हणून दिलं होतं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्यूर या क्लाउड सेवेतल्या आपल्या खात्यावर बसवावं लागतं, म्हणजे आयटीवाल्यांची मदत हवीच. १२ ते ६० माणसं, स्लॅकची सवय आणि सांभाळणारा एकजण, एवढं असेल तर डोनट जरूर घ्या. मोफत योजनेच्या मर्यादा बदलत असतात, त्या बसवायच्या दिवशीच पाहाव्यात.

भेट संपली की दोन ओळी स्वतःपुरत्या टिपून ठेवा: कुठल्या कामात अडतो, आणि कामाबाहेर काय करतो. चॅनेलवर फोटो टाकायचा असेल तर विचारून टाका, आणि छंदाचा उल्लेख करायचा असेल तर तोही विचारूनच. दुर्बिणीबद्दल भरभरून बोलणाऱ्याला ते सगळ्या ऑफिसला कळायला हवंच असेल असं नाही.