जुना ट्रॅक्टर घ्यायले गेलो होतो, पाचपैकी साडेतीन स्टार

पऱ्हाटीचे पैसे आले तसा मी अन् भाचा तालुक्याच्या रोडवर जुन्या ट्रॅक्टरचं यार्ड आहे तिथं गेलो, पंधरा-वीस गाड्या उभ्या, सगळ्या नव्या रंगात चकाचक. रंगाले भुलू नका भाऊ. पहिला दाखवला त्याच्या मीटरवर २१०० तास, पण क्लच पेडलचा रबर घासून पार गुळगुळीत, स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाक हालत नाही, मंग २१०० कुठून आले बाप्पा? बोनेटवर हात ठेवला तर गरम, म्हटलं थंड होऊ द्या, आम्ही चहा पिऊन येतो. थंड सुरू केला तर निळा धूर थांबतच नव्हता, म्हणजे ऑइल जळते, रिंग-पिस्टनचं काम निघणारच.

दुसरा महिंद्रा ५७५, रंग उडालेला पण जीव असलेला. ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर टाकायची नळी) धूर नाही, डिपस्टिकवर (ऑइल मोजायची काडी) ऑइल दुधाळ नाही, म्हणजे पाणी मिसळलं नाही, रोटाव्हेटर लिफ्टवर उचलून इंजिन बंद केलं तर दहा मिनिटं तसाच लटकून. आपल्या काळ्या मातीत लिफ्ट ढिली असली की वखरवाही बोंबलली समजा.

आरसीवर फायनान्सचा बोजा होता, म्हटलं बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर रुपया नाही. यार्डचा मालक कुरकुरला पण आठ दिवसांत आणून दिलं, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ अन् ३० वर सह्याही घेऊन दिल्या. मागचे टायर मात्र बदलावे लागले, तो खर्च भावात सोडायले मालक तयारच नाही, दीड स्टार त्याचाच कापला.