‘हेवी डिपॉझिट’च्या घरात गेलेले आमचे सात लाख

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही परभणीहून ऐरोलीला राहायला आलो. रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात मला गुणवत्ता तपासणीचे काम मिळाले होते, मुलीची सातवी आणि मुलाची तिसरी सुरू होण्याआधी घर मिळवणे भाग होते, आणि वडील गेल्यापासून आईला परभणीत एकटीला ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घाईत आमचे सात लाख रुपये गेले. हा व्यवहार कसा झाला आणि कोणकोणत्या ठिकाणी तो आम्हाला थांबवता आला असता, हे मी तपशिलाने लिहीत आहे, कारण गावाकडून ठाणे-नवी मुंबईत येणाऱ्या आणखी कोणत्याही कुटुंबावर ही वेळ येऊ नये, असे मनापासून वाटते.

ऐरोलीत एका बेडरूमच्या घराचे भाडे आम्हाला बावीस हजार सांगितले जात होते आणि माझा पगार हातात येई तो एकेचाळीस हजार. परभणीत स्वतःच्या घरात राहिलेल्या माणसाला दरमहा निम्मा पगार भाड्यात देण्याची कल्पनाच सहन होत नाही. अशा वेळी एका एजंटने ‘हेवी डिपॉझिट’चा मार्ग सुचवला. मालकाला एकरकमी सात लाख रुपये द्यायचे, दोन वर्षे भाडे द्यायचे नाही, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतील साडेचार लाख बँकेत होते. उरलेल्या अडीच लाखांसाठी पत्नीचे दागिने तारण ठेवले.

एजंट आमच्याच जिल्ह्यातला असल्याचे सांगत असे आणि त्याची बोली तशीच होती. सामान उतरवण्याच्या दिवशी तो पिण्याच्या पाण्याचे दोन जार घेऊन आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “मावशी, काही काळजी करू नका, मी हाय ना.” अनोळखी शहरात आपली बोली कानावर पडली की मन किती लवकर सैल होते, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांना वेगळे सांगायला नको. परभणीच्या आमच्या गल्लीत कोणते घर कोणाचे आणि भाडेकरू कोण, हे कोणाला विचारावे लागत नसे. ऐरोलीत समोरच्या दारामागे कोण राहते हे आम्हाला महिनाभर कळले नव्हते. ती उणीव त्या माणसाने भरून काढली आणि आम्ही त्याच्या शब्दाला कागदाची जागा दिली.

पैसे देण्यापूर्वी माझ्या पत्नीने मला विचारले होते, “अहो, एवढं भाडं सोडून मालकाला मिळतं काय?” मी तिला एजंटचेच उत्तर ऐकवले, की मालकाला धंद्यासाठी भांडवल हवे आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. बावीस हजारांप्रमाणे वर्षाचे भाडे दोन लाख चौसष्ट हजार होते. सात लाखांवर वर्षाला सात टक्के व्याज धरले तर एकोणपन्नास हजार, आणि बारा टक्के धरले तरी चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे सात लाख वापरायला मिळावेत म्हणून मालक वर्षाला अडीच लाखांहून अधिक रकमेवर पाणी सोडत होता. इतक्या महागात कोणी पैसा उभा करत नाही. हेवी डिपॉझिटचे सगळेच व्यवहार खोटे असतात असे मी म्हणणार नाही. डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी असा व्यवहार करणारे खरे मालकही असतात, परंतु तेथे मालक स्वतः समोर येतो आणि रक्कम भाड्याशी मेळ खाणारी असते.

आमच्या बाबतीत मालक कधी समोर आलाच नाही. तो परदेशात असून सर्व अधिकार आपल्याला दिले आहेत, असे एजंटने सांगितले. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाने त्याला अधिकार दिल्याचा कागद, मागितल्यावर ‘आठवड्यात आणून देतो’ एवढे उत्तर मिळाले आणि पुढे मी ते पुन्हा मागितले नाही. चार लाख रुपये त्याच्या खात्यावर बँकेतून पाठवले आणि तीन लाख त्याने रोख घेतले. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, हे मला नंतर वकिलांकडून कळले. त्या तीन लाखांची साधी पावतीही आमच्याकडे नाही.

करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाला आणि नोटरीचा शिक्का बसला. नोंदणीसाठी फार खर्च येतो आणि वेळ लागतो, असे एजंटचे म्हणणे होते. हे साफ खोटे होते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याच्या करारावर, मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज, या बेरजेच्या पाव टक्का इतके असते. आमच्या करारात भाडे शून्य होते. सात लाखांवर दोन वर्षांचे व्याज एक लाख चाळीस हजार धरले तर त्याचे पाव टक्के म्हणजे साडेतीनशे रुपये, आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार. साडेतेराशे रुपयांच्या सरकारी खर्चाचे निमित्त सांगून नोंदणी टाळली गेली. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. आता ही नोंदणी ऑनलाइन करता येते. आधार क्रमांक देऊन दोन्ही पक्षांना अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो, म्हणजे मालकाला स्वतःची ओळख पटवावीच लागते. एजंटला नेमके तेच नको होते.

मला सर्वांत जास्त बोचते ती गोष्ट याहूनही साधी आहे. महावितरणचे बिल दरमहा खालच्या टपालपेटीत येई. मुलगी ते वर आणून फ्रिजवर चुंबकाने लावत असे आणि मी मोबाईलवरून भरत असे. बिलावर एका बाईंचे नाव होते. एजंटने सांगितलेला मालक पुरुष होता. पहिल्याच बिलाच्या वेळी मी विचारले, तेव्हा ‘मीटर अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे’ असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले. ओळीने चार बिले भरताना मी ते नाव वाचले. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सदनिका कोणाच्या नावावर आहे एवढे विचारले असते, तरी त्याच दिवशी सगळे उघड झाले असते. कार्यालय आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होते.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी आईकडे आणि मुलांकडे पाहिले आणि विचारले, “तुम्ही इथे कोण?” बिलावरचे नाव त्यांचेच होते. निवृत्त शिक्षिका असून त्या नाशिकला मुलाकडे राहत होत्या. एजंटने ‘कंपनीच्या माणसांना राहायला द्यायचे आहे’ असे सांगून हे घर स्वतःच्या नावाने, बावीस हजार भाड्याने आणि पंचाहत्तर हजार अनामतीवर घेतले होते. तीन महिने त्याने भाडे वेळेवर भरले. सप्टेंबरपासून भाडे थांबले, फोन लागेना, म्हणून त्या पाहायला आल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून आपला करार काढला. त्यावर नोंदणीचा क्रमांक होता, एजंटचे छायाचित्र होते, अंगठ्याचा ठसा होता आणि घर दुसऱ्या कोणाला राहायला देता येणार नाही अशी अट छापलेली होती. शेजारी आमचा शंभराचा स्टॅम्पपेपर ठेवला. एकाच घराचे ते दोन कागद टेबलावर पाहून आई काही न बोलता आत निघून गेली. पत्नी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली, पण बराच वेळ गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.

काकूंनी आमच्यावर आरडाओरडा केला नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांचेही नुकसान झाले होते. मुलांच्या वार्षिक परीक्षेपर्यंत राहा आणि नोव्हेंबरपासूनचे भाडे थेट माझ्या खात्यात भरा, असे त्या म्हणाल्या. त्यांनी आम्हाला दुसऱ्याच दिवशी बाहेर काढले असते, तर नोटरीच्या त्या कागदाच्या जोरावर आम्हाला फारसे काही करता आले नसते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दोन खेपांना हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार असल्याचे सांगून परत पाठवण्यात आले. दरम्यान याच एजंटकडून फसलेली आणखी तीन कुटुंबे सापडली, एक कोपरखैरण्याचे आणि दोन कळव्याची. सर्वांनी मिळून बँकेचे उतारे, मोबाईलवरचे संदेश आणि काकूंच्या नोंदणीकृत कराराची प्रत जोडून लेखी तक्रार दिली, तेव्हा डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० आणि ४०६ खाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघाताचा, गुन्हा नोंद झाला. एकट्याने जाण्याऐवजी एकत्र गेल्याचा निश्चित उपयोग होतो. तक्रारीत आमचे बँकेतून गेलेले चार लाख स्पष्ट दिसतात. रोख दिलेल्या तीन लाखांबद्दल आमच्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही.

मे २०२५ मध्ये आम्ही घणसोलीत एका लहान घरात राहायला गेलो. भाडे चौदा हजार, अनामत पन्नास हजार. ठरवण्याआधी मी मालकांकडून वीजबिल, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि आधार कार्ड मागितले, तिन्हींवरचे नाव जुळवून पाहिले आणि सोसायटीच्या सचिवांना भेटून आलो. मालकांना याचे वाईट वाटेल अशी भीती होती. त्यांनी उलट स्वतःहून खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, दाखवली. करार नोंदवण्यासाठी ज्या दिवशी अंगठ्याचे ठसे घेतले, त्या दिवशी आईने आपला चष्मा मागून घेतला आणि मालकांचे नाव कागदावर दोनदा वाचले. मग ते वीजबिलावरही वाचले आणि बिल मुलीच्या हातात दिले.

सात लाखांपैकी आजवर एक रुपयाही परत मिळालेला नाही. तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला आहे आणि दागिन्यांवरचे व्याज आम्ही अजून भरत आहोत.